आधी मातीला छप्पर

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, मुंबईला बंदरावरच्या एका वखारीत दोन-चार पावसाळे कारकून होते. तेवढ्यात त्यांना समुद्र कळला. मासा जन्मभर समुद्रात राहतो, पण त्याला जे कळत नाही ते मामांना वखारीच्या खिडकीतून कळलं. आगगाडीतून कोल्हापूरच्या ठेसनावर उतरले ते जहाजावरून उतरल्यासारखे, पाय फाकवून, डुलत डुलत. अंगात काळा कोट, काखेत मिटलेली छत्री, आणि वर वैशाखातलं ऊन. एवढ्यावरूनच माणसाची पारख व्हायला हवी होती. पण आमच्या गल्लीत पारख फक्त बैलांची आणि पैलवानांची व्हायची. बाकीचे प्राणी आम्ही डोळे मिटून घेत होतो.

गादीवर तेव्हा कुस्तीवेडे महाराज होते. खासबागेचं मैदान अजून व्हायचं होतं. गल्लोगल्ली तालमी घुमत होत्या आणि माझी मान माझ्या मांडीएवढी होती. तुम्हाला खोटं वाटेल. वाटू द्या. ज्यांनी ती मान बघितली ते आता सांगायला उरले नाहीत, हे माझ्या पथ्यावरच पडलंय.

त्या साली मामांनी न्हाव्याच्या कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. यंदा समुद्रात वादळांची रांग लागणार, असं कुणा जाणत्यानं लिहिलं होतं म्हणे. एक सरलं की दुसरं, दुसरं सरलं की तिसरं. गल्लीनं माना डोलावल्या. समुद्र कसा असतो ते गल्लीत एकालाही ठाऊक नव्हतं. आम्हाला रंकाळा ठाऊक. रंकाळ्यात वादळ झालं तर फार तर एखादी म्हैस नाक वर करते.

"हसताय काय?" मामा कडाडले. "घाट ओलांडून येणार ते! पन्हाळ्यावरून येणार! तुमची घरं पाचटासारखी उडतील!"

"मग काय करायचं म्हंता मामा?" कुणीतरी विचारलं.

"तयारी!" मामा म्हणाले, आणि हा शब्द कोल्हापुरात पहिल्यांदा आपणच आणला अशा तोऱ्यात कोट झटकून उठले.

तयारी आमची दरसालची होती. उन्हाळा संपत आला की बायका शेण्या माळ्यावर चढवायच्या, जळण भरायच्या, मिठाची मडकी चुलीजवळ सरकवायच्या. गडीमाणसं भिंतींना झड लागू नये म्हणून उसाच्या पाल्याचे तट्टे बांधायची. आणि शाकारणी. म्हणजे छपरावरची सगळी कौलं उतरवायची, फुटकी टाकायची, साबूत तेवढी झाडून पुन्हा लावायची. ह्या शाकारणीचा आमच्या गल्लीत एक रिवाज होता, आणि असल्या रिवाजाला जन्म द्यायला आमच्याच गल्लीची अक्कल लागते. पहिली शाकारणी तालमीची. मग मारुतीच्या देवळाची. मग माणसांची.

का? तर तालमीच्या हौद्यात तांबडी माती होती. त्या मातीत ताक जिरवलेलं, तेल जिरवलेलं, हळद, लिंबू, कापूर, काय काय घातलेलं. माझ्या आजाच्या पोटात जेवढं ताक गेलं नसेल तेवढं ती माती प्याली होती. तिच्यावर थेंब पडला तर माती मेली, असं वस्ताद म्हणायचा. माणसावर थेंब पडला तर माणूस अंग पुसतो, असंही तोच म्हणायचा. त्यामुळं सगळी गल्ली आधी मातीला छप्पर घालायची आणि मग आभाळाकडं बघत आपापल्या घराकडं धावायची. दरसाल निम्म्या घरांची शाकारणी भर पावसात व्हायची, आणि दरसाल लोक म्हणायचे, "औंदा पाऊस लौकर आला बगा."

शाकारायला चढायचे कोण? पैलवान! चिमणी बसली तरी करकरणाऱ्या वाशांवर आमचे ते रेडे चढायचे. एक कौल लावायचं नि दोन फोडायची. मी स्वतः एकदा एका पायाखाली इतकी कौलं फोडली की खाली उभ्या असलेल्या माणसाला गारा पडल्यासारखं वाटून तो घरी पळाला. असे आम्ही कारागीर.

आता गाठ कुठं बसली ते सांगतो. आत्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. दिली होती चंदगडाकडं, डोंगरात. तिकडं पाऊस लागला की ओढे भरतात आणि शेजारचं गाव परमुलूख होतं. तिला पोचवायला आलेला नवरा घरात शिरला तो मान वर करून. सासूला नमस्कार नाही, सासऱ्याला रामराम नाही, आधी छपराकडं बघितलं. मधल्या खोलीत दोन-तीन कौलांतून ऊन आत येत होतं.

"हे काय?" जावई म्हणाला.

"जावईबापू, शाकारणी व्हायची हाय अजून," आत्या म्हणाली.

"आमच्याकडं पाऊस पडतो त्यात तुमचं हे घर एक रात टिकायचं न्हाई. आमच्या अव्वानं, तुमच्या विहीणबाईनं सांगितलंय, बाळंतीण आणि बाळ ओल्यात र्‍हायलं तर दोघंबी हातचं जातात. रोहिणी सरता सरता मी गाडी घेऊन येतो. एक थेंब गळताना दिसला की हिला उचलली आणि घरी नेली."

डोंगरातल्या माणसाला पावसाचा काय माज असतो! जसा काही ह्याच्या बापानं पाडायला ठेवलाय. पण माझी आतेबहीण भिंतीला टेकून बसली होती, तिचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं आत्याचा पदर धरला. "आई, मला गाडीत घालू नगंस. त्या घाटातनं गाडी कशी आदळत्या तुला ठावं न्हाय. मी वाटंतच मरीन."

आत्यानं मामांकडं बघितलं. त्या बघण्यानं शेणी पेटली असती. मामांचा काळा कोट मात्र धुमसलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या तालमीच्या दारात जाऊन उभी राहिली. आत बाईमाणसाला पाय टाकायची बंदी. बाहेरूनच म्हणाली, "वस्ताद, औंदा माझं घर पैलं करा. लेक अवघडल्याली हाय."

वस्ताद मिशीला तूप लावत होता. "आक्का, रिवाज हाय. माती झाली की तुमचंच."

मातीला काही अडचण होती का? माती काही गाडीतून घाट उतरणार नव्हती. पण वस्तादाशी वाद घालणं म्हणजे म्हशीला ओव्या शिकवणं.

मामांनी मग मुंबईची अक्कल बाहेर काढली. "कौलं हा गावंढळ प्रकार आहे," ते म्हणाले. "बंदरावर सगळीकडं पत्रे असतात. पत्रे!" आणि कुठल्याशा मोडलेल्या पागेचे पन्हाळी पत्रे त्यांनी बैलगाडीतून आणले. आमच्या गल्लीत तो पहिला पत्रा. लोक हात लावून बघत होते, टिचक्या मारत होते. उन्हात तो इतका तापायचा की शेजारीण त्यावर भाकरी भाजून गेली. भाकरी चांगली फुगली होती, मी खाल्लीय.

घराची कौलं उतरली. आत्याच्या बापानं लग्नात आंदण दिलेली ती चांगली जाड, भाजीव कौलं. ती मामांनी कुणाला दिली असतील? तालमीला! पैलवानांनी तालमीची कौलं फोडून कमी पाडलीच होती. मामांनी मोठ्या दिलानं सगळी उचलून दिली आणि वस्तादाकडून आशीर्वाद घेऊन आले. आत्या चुलीपुढं बसून होती. तिनं फक्त विचारलं, "आनि उद्या पत्रा गेला तर?"

"पत्रा कुठं जातोय!" मामा म्हणाले.

तो जाणार हे मला तेव्हाच दिसलं, कारण मामांनी एकही खिळा मारू दिला नाही. भोक पाडलं की थेंब गळणार, थेंब गळला की जावई लेक नेणार. म्हणून पत्रे नुसते वाशांवर पसरले, आणि वर वजन. आत्याचं जातं चढलं. पाटा-वरवंटा चढला. उखळ चढलं. तालमीतून दगडी नाल आणले, जे उचलताना आमच्या डोळ्यांपुढं तारे चमकायचे. आणि हे सगळं कुठं ठेवलं? पश्चिमेच्या पाख्यावर, छपराच्या त्या उतारावर! का, तर समुद्र पश्चिमेला, तेव्हा वादळ पश्चिमेहून येणार. पश्चिमेची खिडकी फळ्या ठोकून बंद. पश्चिमेच्या भिंतीला आतून झोपायची माच टेकवून उभी केली. पूर्वेकडच्या पाख्यावर एक कुंडीसुद्धा नाही.

आता आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, वळीव उगवतीकडून येतो. टेंबलाईच्या टेकडीमागं काळं उठतं, धुळीचा लोट येतो आणि मग गारा. मावळतीचा पाऊस तो मृगानंतरचा, शहाणा, शिस्तीचा. छपरं उडवतो तो वळीव. मी मामांना म्हटलं, "मामा, वारं उगवतीचं येतंय. नाल तिकडं सरकवूया की."

"तू कुस्ती कर," मामा म्हणाले. "तुझ्या टेंबलाईला समुद्र आहे का?"

सगळ्या गल्लीला वाऱ्याची दिशा ठाऊक होती. पण कोट घातलेल्या माणसाला खोडून काढायचं म्हणजे पाप, असं गल्लीला वाटायचं. आत्या तेवढी बोलली, "आवो, पोरगं खरं सांगतंय." तर तिला म्हणाले, "तू भाकरी बघ." ज्या जात्याच्या पिठाची भाकरी बघायची ते जातं छपरावर होतं.

रोहिणी सरत आल्या आणि जावई सांगितल्याप्रमाणं हजर झाला. छपराची गाडी, आत गवताची गादी, दोन ठेंगणे डोंगरी बैल. डोक्यावर इरलं. उन्हात इरलं! सासऱ्याला शोभणारा जावई. गाडी दारात लावली आणि म्हणाला, "पाणी आणा."

पाणी प्यायला नव्हे. शिडीवर चढून त्यानं पत्र्यावर घागरभर पाणी ओतलं आणि खाली येऊन मधल्या खोलीत मान वर करून उभा राहिला. आतेबहीण बाजेवर बसून त्याच्या मानेकडं बघत होती. थेंब पडला नाही. दुसरी घागर. थेंब नाही. जावई नाक खाजवू लागला.

"बघा!" मामांची छाती कोटातून बाहेर आली. "बंदरावरची विद्या आहे ही!"

"पाणी न्हाई गळत," जावई कुरकुरला. "खरं, वाऱ्याचं काय?"

"वाऱ्याचं?" मामा गरजले. "अरे, बोलवा पैलवानांना!"

आणि ही बुद्धी कुठल्या ग्रहानं दिली ते तोच जाणे. मामांनी तालमीतले चौघे जण पश्चिमेच्या पाख्यावर चढवून ओळीनं बसवले, जावयाला दाखवायला की आमच्या छपराला कसला भार आहे. मी नव्हतो त्यात. मी खाली, कारण मला आभाळ दिसत होतं. टेंबलाईच्या मागं ते काळं झालं होतं, म्हशीच्या पाठीसारखं, आणि पुढं तांबूस लोट उठत होता.

"मामा, मागं बगा!"

मामा छत्री डोळ्यांवर धरून मावळतीकडं बघत होते. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. "यायचं नाव नाही."

ते आलं. पूर्वेच्या उघड्या पाख्याखाली वाऱ्यानं हात घातला आणि पत्रा उचलला, जसा आम्ही गड्याला कंबरेला धरून उचलतो. एक हिसका, आणि अख्खं छप्पर पश्चिमेकडं चितपट. जातं गेलं, पाटा गेला, उखळ गेलं. चौघांतले तिघे वळचणीवरून शेजारच्या शेण्यांत पडले. चौथा पत्र्यावर बसलेलाच होता, तो बसूनच गेला. रंकाळ्याच्या काठाला उतरला. तिथं कपडे धुणारीनं त्याला बघून हात जोडले आणि हा, लाज नसलेला, तिला आशीर्वाद देऊन आला. ज्याला पटत नाही त्यानं त्याच्या नातवाला विचारावं. नातू माझ्याहून लांबवून सांगतो.

हसायची वेळ नव्हती पण. गारा लिंबाएवढ्या पडत होत्या आणि मधल्या खोलीला आता आभाळ हेच छप्पर होतं. आत्यानं लेकीच्या डोक्यावर परात धरली होती. गारा परातीवर वाजत होत्या, आणि त्या आवाजातून आतेबहिणीची किंकाळी आली. ती गारांची नव्हती. कळा सुरू झाल्या होत्या.

"गाडीत घाला!" जावई ओरडला. "म्या सांगितलंतं! गाडीत घाला!"

"मी न्हाय जानार!" ती ओरडली. बाजेचा खूर दोन्ही हातांनी धरून बसली.

बैलांनी तिचं ऐकलं. गारा पाठीवर पडल्या तसे उधळले ते रिकामी गाडी घेऊन, जावई इरलं उडवत त्यांच्यामागं. कोपऱ्यापर्यंत मला त्याच्या शिव्या ऐकू आल्या, त्यांतल्या निम्म्या कानडी होत्या आणि उरलेल्या माझ्या मामांना.

आत्यानं परात टाकली. लेकीला बगलेत धरलं, दुसऱ्या बाजूनं मी धरली, आणि आत्या चालू लागली ती सरळ समोर, गल्ली ओलांडून तालमीकडं. सगळ्या गल्लीत एकच छप्पर जागेवर होतं. तिथं कौलं दाट बसवलेली, वळचणीला तट्टे, आत कोरडी ठणठणीत माती.

दारात वस्ताद आडवा. "आक्का, हितं न्हाय! बाईमानूस चालत न्हाय. आत मारुती हाय!"

"मारुतीला सांगा डोळं मिट म्हनावं."

"माती बाटंल, आक्का!"

आत्या भिजून चिंब होती, कपाळावर गार लागून रक्त आलं होतं. "वस्ताद, वर बगा. ती कौलं कुनाची? माझ्या बानं आंदन दिल्याली हायत ती. तुमच्या मातीला छप्पर हाय आनि माझ्या लेकीला न्हाय? माती बाटायचं भ्या वाटत आसंल तर माझी कौलं काढा आनि मग आडवा मला."

तेवढ्यात मागून सुईण आली, मोहल्ल्यातली म्हातारी मुसलमानीण, जिच्या हातून आमची अर्धी तालीम जन्माला आली होती. वस्तादसुद्धा तिच्याच हातचा. तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. "चल रं, सरक बाजूला. तुला उघडा मीच पयला बघितलाय. पानी तापवा."

ज्या वस्तादाला पंजाबातल्या मल्लानं हलवलं नव्हतं तो बाजूला झाला. पैलवान पाणी तापवायला पळाले, मुद्गल, करेला, सगळं आडवंतिडवं लाथाडत. हौद्याशेजारच्या फळीवर धोतरं अंथरली गेली, धुतलेली आणि न धुतलेली. आम्ही बाहेर वळचणीखाली उभे राहिलो. मामाही होते. छत्री उलटी होऊन त्यांच्या हातात नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"तरी मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "यंदा वादळं जास्त आहेत."

मी त्यांना काय केलं असतं ते केलं नाही, कारण आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण दमदार.

"पोरगं!" वस्ताद गदगदला. "तालमीत जल्मलंय. वीस वर्सांनी म्हाराजांच्या म्होरं मैदान मारनार!"

"पोरगी हाय," सुईण आतून म्हणाली.

पैलवानांची तोंडं अशी पडली की कुस्ती हरलेली तालीमही त्यांच्यापुढं लग्नघर वाटली असती. जावई परतला तेव्हा वळीव सरला होता, उन्हं आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात बैलांचा कासरा. तालमीत शिरला, बायकोकडं नाही, पोरीकडं नाही, आधी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. थेंब गळत नव्हता.

"अव्वाला काय सांगू?" तो म्हणाला.

आतेबहीण मुटकुळं छातीशी धरून पडली होती. दमलेल्या आवाजात म्हणाली, "सांगा, कोरड्यात झाली."

गाडी रिकामीच परत गेली. ती माहेरीच राहिली, आमच्या घराच्या घाईघाईनं शाकारलेल्या सोप्यात, पावसाळा सरेपर्यंत. आत्याच्या घरावर त्या साली नुसता उसाचा पाला चढला.

आता तुम्हाला वाटेल, गल्लीला शहाणपण आलं असेल. पुढच्या वैशाखात वस्तादानं सगळ्यांना जमवलं. गल्लीचं एकमत झालं की गेल्या साली तालीम कोरडी होती म्हणून बाळंतीण वाचली. तेव्हा यंदाही पहिली शाकारणी तालमीचीच, आणि अधिक बारकाईनं. मामांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मते हे सगळं त्यांनी कौलं दिली म्हणून घडलं होतं.

आत्या दारात उभी होती. ती भांडली नाही. गोड आवाजात म्हणाली, "कौलं र्‍हाऊ द्यात वस्ताद तालमीवरच. लई सोय झाली. लेक दुसऱ्या खेपंला ईल तवा आता सरळ हितंच घिऊन येते. शेजारनीची सून बी हाय अवघडल्याली, तिलाबी सांगून ठिवलंय."

वस्तादाच्या हातातली तुपाची वाटी कलंडली. दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या आत तो स्वतः तालमीच्या छपरावर होता. आत्याचं एकेक कौल उतरवून, धोतराच्या ओच्यात घालून गल्ली ओलांडत होता, आणि वाटेत जेवढी फोडत होता तेवढी पदरची घालत होता. आमच्या गल्लीत मातीआधी माणसाला छप्पर मिळालं ते तेव्हा, पहिल्यांदा. अक्कल आली म्हणून नव्हे. भ्यायले म्हणून.

आत्या शिडीचा पाय धरून खाली उभी होती. "उगवतीकडनं दाट लावा," ती वर बघून सांगत होती.

मामा शेजारी नवी छत्री घेऊन उभे होते. मावळतीकडं बघत.